रंजिनीच्या तापासाठी

रंजिनी, आधी तुला हसवते, मग काय रडायचं ते रडू. तू गेल्यानंतरही आम्ही तुझा ताप उतरावा म्हणून प्रार्थना करत होतो. एकदा-दोनदा नाही, कितीतरी रविवार. तुझ्या भावाचं कार्ड कोलंबोहून फिरतफिरत इकडं पोचलं, तोवर आमच्या लेखी तू जाफन्याकडच्या तुझ्या गावी खाटेवर तापानं फणफणत पडलेली होतीस. मी दर रविवारी चर्चमध्ये उभी राहून तुझं नाव घ्यायचे, मंडळी म्हणायची, "हे प्रभू, ऐक." आणि तुला तर केव्हाच माती दिलेली होती.

मेलेल्या माणसासाठी प्रार्थना करायची नाही, हा आपल्या मंडळीचा नियम तुला ठाऊक आहे. जो गेला तो देवाच्या हाती गेला, आता आपण मागावं असं काही उरलं नाही, हे पाळकसाहेब प्रत्येक मातीच्या वेळी सांगतात. त्यांनी तुझ्या भावाचं कार्ड वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं आणि मला विचारलं, "बाई, मग आपण इतके दिवस केलं ते काय केलं?" तू असतीस तर पदरात तोंड खुपसून हसली असतीस. मला हसू आलं नाही. मी तडक दवाखान्यात गेले आणि औषधांचं कपाट उघडलं. टायफॉईडच्या कॅप्सूलची बाटली वरच्याच फळीवर होती. ती तिथं नेहमीच असते. तुझ्या गावात कर्फ्यू, रस्ते बंद, दुकानं बंद, आणि स्वतःच्या तापाचं निदान स्वतः करणाऱ्या नर्सला तेवढ्या कॅप्सूल मिळू नयेत? मी कपाटाचं दार असं काही आपटलं की आपले कंपाउंडर भीमरावभाऊ बाहेरून धावत आले. मी त्यांच्या हातात कार्ड दिलं. ते वाचून ते तिथंच स्टुलावर बसले.

आता तू ऐकायला नाहीस तर सांगून टाकते. तू आलीस तेव्हा मला मुळीच आवडली नव्हतीस. पोंभुर्ण्याच्या बाजूचा आपला एवढासा मिशनचा दवाखाना, निम्मे पेशंट कुष्ठाचे. वरून निरोप आला की श्रीलंकेतून एक नर्स येतेय, दोन वर्षं राहील, पेशंटांना हातापायांचे व्यायाम शिकवील. मी मनात म्हटलं, आम्ही काय इथं माशा मारत बसलो होतो? जीपमधून उतरलीस ती केसांना चपचपीत खोबरेल लावलेली, हातात पत्र्याची पेटी, आणि पहिल्याच भेटीत मला "अक्का" करून टाकलंस. माझी परवानगी कोण विचारतो.

मराठी तू पेशंटांकडून शिकलीस, म्हणजे झाडीची बोली शिकलीस, आणि तीच पुस्तकातली मराठी असं धरून चाललीस. पुण्याहून तपासणीला आलेल्या मोठ्या डॉक्टरांना तू सगळ्यांदेखत विचारलंस, "साहेब, तुमी अजून जेवले काऊन नाई?" त्यांना वाटलं ही इथलीच कोणी. त्या दिवशी मी तुला पहिल्यांदा माझ्या ताटातला वडा दिला, आठवतं? तुला वाटलं तो तुझ्या मराठीचं बक्षीस. ते बक्षीसच होतं.

पण तुझा देश माझ्या घरात शिरला तो एटापल्लीच्या वाटेवरच्या कॅम्पला. तोवर लंका म्हणजे नकाशाच्या तळाशी असलेला एक ठिपका. त्या गावात रुपीबाई नावाची गोंडांची म्हातारी होती, पायाच्या जखमेची जुनी पेशंट. तू कुठली म्हणून तिनं विचारलं आणि मी सांगितलं, लंकेची. म्हातारी उठली, घरात गेली आणि पितळी लोट्यात पाणी घेऊन आली. "आमी रावनराजाले मानतो," ती म्हणाली, "तू तर आमच्या राजाच्या गावची." आणि तुझे पाय धुवायला बसली. दिवसभर दुसऱ्यांचे पाय धुणारी तू, तुला ते सोसेना. पाय मागं घेत होतीस आणि ती धरून ठेवत होती. परत येताना जीपमध्ये तू पाय साडीखाली ओढून बसली होतीस. मग म्हणालीस, "अक्का, माझ्या देशात आमा तमिळ लोकाईले सांगतात, तुमी इथले नाई. इथी ही म्हातारी मले तिथली समजून पाय धुवून राह्यली."   त्या दिवसापासून रेडिओवर लंका शब्द आला की काम करता करता माझा हात थांबायला लागला.

आपल्या मंडळीतली नावं घ्यायची रीत तुला सगळ्यात आवडायची. लांबलचक प्रार्थना करायला आमच्या बायका लाजतात, म्हणून आधीच्या एका पाळकांनी ही सोय करून ठेवलेली. उपदेश झाला की ज्याला वाटेल त्यानं उभं राहायचं, एक नाव घ्यायचं, काय हवं ते एका शब्दात सांगायचं आणि खाली बसायचं. फुलाबाई, गुडघा. शंकर, दारू. मंडळी म्हणणार, "हे प्रभू, ऐक." झालं. नावं फक्त माणसांची. देशाबिशासाठी पाळकसाहेब छापील पुस्तकातून प्रार्थना वाचायचे आणि तेवढ्यात निम्म्या बायका लेकरांची नाकं पुसून घ्यायच्या. तू म्हणायचीस, आमच्याकडं मोठमोठ्या प्रार्थना होतात, पण देवाला गुडघा कोणाचा दुखतो ते कोणी सांगतच नाही. तू परत गेलीस आणि तुझं नाव आमच्यात आलं. रंजिनी, प्रवास. मग रंजिनी, आईचं दुखणं. तुझी आई गेल्यावर तिचं नाव गळालं, तुझं राहिलं.

मग त्र्याऐंशीचा पावसाळा. तुमच्याकडं सिंहली जमावांनी तमिळांची घरं-दुकानं जाळल्याच्या बातम्या पेपरात आल्या आणि पानठेल्यावर लोकांना गंमत सुचली, लंका जळली म्हणून. मी छत्री मिटून त्या ठेल्यापुढं उभी राहिले आणि एकेकाची अशी काही हजेरी घेतली की नंतर आठवडाभर मी दिसले की तिथली मंडळी पाठ करून बसायची. भीमरावभाऊंचं दुःख वेगळंच होतं. छप्पन सालापासून त्यांचं घर बौद्ध. लंका म्हणजे त्यांच्यासाठी धम्माचा देश. आयुष्यात एकदा तिथं जाऊन यायचं ही त्यांची मनातली गोष्ट, त्यांनी तुझ्याकडंच तर पहिल्यांदा बोलून दाखवली होती. ते पेपर घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. "बाई," म्हणाले, "बुद्धाले मानणाऱ्या लोकाईनं असं काऊन केलं?" 

कोलंबोतलं तुझ्या भावाचं दुकान आणि वरचं घर जळालं हे तुझ्या पत्रातून कळलं. मी रविवारी उभी राहिले, तुझं नाव घेतलं आणि पुढं सरळ म्हटलं, जाळणाऱ्यांचे हात झडोत. मंडळीला सवय, तिनं म्हटलं, "हे प्रभू, ऐक." पाळकसाहेब खोकले. मी मात्र मोठ्या तोऱ्यात तुला हे कळवलं. वाटलं, तुला बरं वाटेल. तुझं उत्तर आलं. "अक्का, हात झडलेल्या माणसांच्या जखमा आपण दोघींनी धुतल्या. देवाकडं मागायला तुला तेच सापडलं?" आणि खाली लिहिलं होतंस, भीमरावभाऊंना सांग, माझ्या भावाला, वहिनीला, पोरांना ज्यांनी घरात लपवलं, त्या शेजाऱ्यांकडं रोज बुद्धापुढं दिवा लागतो. मी हे सांगितलं तेव्हा भाऊंनी मला पत्रातली ती ओळ परत वाचायला लावली. पुढं वस्तीत, बाजारात, बसस्टँडवर, जो भेटेल त्याला ते ती ऐकवत होते.

भांडण लागलं ते पुढच्या ओळीवरून. दुकान पेटवणाऱ्यांत तुझ्या भावाच्याच दुकानात काम केलेला एक जण होता, सुनील नावाचा. तू लिहिलंस, तुमच्याकडं नावानं प्रार्थना करतात ना, मग रविवारी त्याचंही नाव घे. मी वाचून पत्र टेबलावर टाकलं. हा कुठला न्याय? खाल्ल्या घरचे वासे मोजणारा, त्याच्यासाठी मी उभी राहू? मी लिहिलं, तू घे तुझ्या चर्चात. तू लिहिलंस, मी घेते, पण माझ्या एकटीच्यानं होत नाही. पुढची कितीतरी वर्षं आपलं हे चालू राहिलं. पत्रात बाकी सगळं असायचं, मोहफुलं यंदा कशी झाली, तुझ्या ताडाला फळं किती लागली, पेशंट कोण बरे झाले. आणि शेवटी तुझं ठरलेलं, सुनीलचं नाव घेतलंस का? मीही ठरलेलं लिहायचे, नाही. तू हट्टी होतीस बाई. आणि मी काही कमी नाही.

सत्त्याऐंशीत आमच्या देशाची फौज तुमच्याकडं गेली. शांती राखायला म्हणून गेली आणि तुझ्याच जाफन्याकडं तमिळ बंडखोरांशी लढाई जुंपली. त्या फौजेत आपल्या सुमनचा प्रकाश होता. सुमन तुला चांगली आठवत असेल, चर्चच्या मागं राहते, तुला भाताच्या पेंढ्याची चटई विणून देणारी. तिचा एकुलता एक. एका रविवारी मी तुझं नाव घ्यायला उठले तर ती माझ्या आधी उभी राहिली. "रंजिनीबाईचं नाव आता घेऊ नका," म्हणाली. "तिच्या गावाकडून माझ्या पोट्ट्यावर गोळ्या सुटून राह्यल्या. अन् मी तिच्यासाठी मनू, प्रभू ऐक?"  पाळकसाहेब म्हणाले, काही दिवस दोघांचीही नावं मनात घेऊ. मी म्हटलं, मनात घ्यायचं तर घरीच बसते की. आणि तुझं नाव मोठ्यानं घेतलं. "हे प्रभू, ऐक" म्हणणारे आवाज अर्धेच होते. सुमन तोंड मिटून बसली होती.

त्यानंतर ती आणि मी बोलेनाशा झालो. हापशीवर माझी घागर दिसली की ती मागं फिरायची. गावात दोन तट पडायची वेळ आली. मी तुला सगळं लिहिलं, म्हटलं, मी काही हार जाणार नाही. तुझं उत्तर यायला फार दिवस लागले. तू लिहिलंस, माझं नाव काढून टाका, प्रकाशचं राहू द्या. आणि प्रकाशला जेवणात काय आवडतं ते कळव. मी इतकी चिडले! इथं मी तुझ्यासाठी मंडळीशी भांडतेय आणि तू आपलं नाव सोडून मोकळी. पण पुढं जे होतं ते मी माझ्याजवळ ठेवू शकले नाही. मी सुमनच्या दारात गेले. आत गेले नाही, तिनं बोलावलंही नाही. ती सुपात तांदूळ पाखडत होती. मी उभ्यानं वाचलं. तू लिहिलं होतंस की इथल्या बायका रांधायच्या आधी चर्चसाठी मूठभर तांदूळ बाजूला काढतात, ती रीत तू सोबत नेलीस. आणि हल्ली जेव्हा चूल पेटते, तेव्हा ती मूठ प्रकाशच्या नावानं निघते आणि शेजारच्या घरी जाते, कारण तिथं तांदूळ उरलेला नाही.

सुमनचं सूप थांबलं.  मग तिनं विचारलं, "तिले तरी भेटून राह्यला का तांदूळ?" मी म्हटलं, ते तिनं लिहिलेलं नाही. ती म्हणाली, "लिवनार नाईच ते," आणि पुन्हा पाखडायला लागली.

थंडीत प्रकाश सुट्टीवर आला. धडधाकट आला, देवाची कृपा. पण आमचा बडबड्या पोट्टा राहिला नव्हता. सुमननं त्याच्या आवडीचा खाऊ म्हणून मुरमाड्या केल्या, त्यानं एक हातात घेतली आणि तशीच धरून बसला. मी विचारलं, कसं काय रे तिकडं? तो आईकडं न पाहता म्हणाला, "मावशी, आमी गल्लीत शिरलो का दारं लागतात. लेकरं आमाले पाहून मायच्या मागं लपतात. इथी मले पाहून कोनी लपलं नाई कधी." सुमन चुलीपाशी होती. तिनं ऐकलं. पुढच्या रविवारी तिनं प्रकाशचं नाव घेतलं, आणि मी तुझं घेतलं तेव्हा तिचा आवाज बाकीच्यांत होता. मी वळून पाहिलं नाही. मानी बाई आहे, मी पाहिलं असतं तर गप्प झाली असती.

तुझं शेवटचं पत्र त्यानंतरचं. चार ओळी. ताप आहे, टायफॉईडच वाटतो, औषध मिळालं की बरी होईन, आणि शेवटी तेच, सुनीलचं नाव घेतलंस का? मी उत्तर लिहिलं. त्यात खूप काही लिहायचं राहिलं. तुझे व्यायाम मी अजून पेशंटांकडून करून घेते, त्यातल्या एकानं त्याच आठवड्यात स्वतःच्या हातानं शर्टाची गुंडी लावली, हे राहिलं. तू आल्यापासून मला एक बहीण मिळाली, हे कधीच लिहिलं नव्हतं, तेही राहिलं. तू गेलीस ते वाचून मी ओक्साबोक्शी रडले, आणि रडताना मला तुझाच राग येत होता, की ही बया माझं उत्तर न वाचता गेली. त्या उत्तरात पुन्हा ‘नाही’ असंच होतं. तू ते वाचलं नाहीस याचं मला बरंही वाटतं. काय वाटतं ते माझं मलाच नीट कळत नाही.

तर परवाचा रविवार. उपदेश झाल्यावर पाळकसाहेबांनी तुझी बातमी सांगितली. म्हणाले, रंजिनीबाई प्रभूकडं गेल्या, त्यांचं नाव आता प्रार्थनेत येणार नाही. चटयांवर बसलेल्या बायकांत हुंदके आले. फुलाबाईनं, जिच्या गुडघ्यासाठी तू दर वेळी सगळ्यात मोठ्यानं बोलायचीस, तिनं डोळे पुसत विचारलं की मग आपण तिच्या तापासाठी एवढं मागितलं, ते सगळं वाया गेलं का. पाळकसाहेब चष्मा पुसायला लागले. भला माणूस, खोटं बोलवत नाही आणि खरं ठाऊक नाही.

सुमन उठली. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"वाया कशा जातीन?" ती म्हणाली. "रंजिनीबाई गेली, ताप थोडाच गेला? तिच्या गावात कोनाले तरी असनच." मग ती नेहमीसारखी पुढं पाहून म्हणाली, "रंजिनीबाईचं गाव. ताप."

गावाचं नाव आजवर कधी कोणी घेतलं नव्हतं. तरी सगळे एकदम म्हणाले, "हे प्रभू, ऐक." आमच्या मंडळीनं पुस्तकाशिवाय परमुलखासाठी काही मागितलं ते हे पहिलं, आणि तेव्हा कोणी कोणाचं नाक पुसत नव्हतं. ताप कोणाला असेल, तमिळाला असेल, सिंहली माणसाला असेल, आपल्याकडून गेलेल्या एखाद्या शिपायाला असेल, सुमननं काही विचारलं नाही. जिचा पोरगा तिथं आहे तिनं विचारलं नाही.

मग मला बसवेना. मी उठले.  "सुनील," म्हटलं. पुढं काय हवं ते सांगायचं असतं, पण मी नावच धरून उभी राहिले. आमच्या गावात सुनील तीन-चार तरी आहेत. हा कोणता, हे कोणाला कळलं नसणार. मी पुढं काही मागत नाही हे पाहून मंडळीनं आपलं काम केलं. "हे प्रभू, ऐक."

घेतलं बाई तुझ्या सुनीलचं नाव. मनापासून घेतलंस का, ते मात्र विचारू नकोस. येत्या रविवारी परत घेईन, मग सांगते.